निघण्यापूर्वीची वही

पदवीची परीक्षा संपली आहे आणि पेढीवर बसण्याचा मुहूर्त अजून ठरलेला नाही, असा एक मोकळा काळ हल्ली अनेक व्यापारी घरांत येऊ लागला आहे. पूर्वी तो नव्हता. निकाल लागण्यापूर्वीच मुलगा गादीवर टेकलेला असे आणि मुलीच्या स्थळांची यादी आत्याबाईंच्या पिशवीत तयार असे. आता मुले म्हणतात, एक वर्ष द्या. परक्या देशात राहून, हाताला मिळेल ते काम करून, चार प्रकारची माणसे पाहून परत येतो. इंग्रजीत याला ‘गॅप इयर’ म्हणतात. व्यापाऱ्याच्या कानाला हा शब्दच खटकतो. वहीत मधले पान कोरे सोडणे हे त्याच्या लेखी चांगले लक्षण नव्हे.

तथापि परमुलखात जाऊन येणे ही जैन व्यापाऱ्याला नवी गोष्ट नाही. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपारा नगरातील व्यापाऱ्यांच्या एका बैठकीचे वर्णन येते. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. आपण कोठे गेलो, कोणता माल नेला आणि काय घेऊन आलो, हे प्रत्येकाने त्या बैठकीत सर्वांसमोर सांगावे असा रिवाज होता. त्यांतील एक जण सांगतो की, तो कडुनिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेला आणि रत्ने घेऊन परतला. कडुनिंबाच्या पाल्यावर रत्ने! असा सौदा कोणत्या अडत्याला आवडणार नाही? तेथे बसलेल्या लोभदेव नावाच्या तरुणालाही तो आवडला. भागीदाराला बरोबर घेऊन तो रत्नद्वीपाला गेला, भरपूर कमाई केली आणि परतीच्या वाटेवर, वाटणी द्यावी लागू नये म्हणून, त्याच भागीदाराला त्याने समुद्रात लोटून दिले.

मुलगी किंवा मुलगा ‘एक वर्ष द्या’ म्हणतो तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना विमानाचे किंवा अंतराचे भय क्वचितच वाटते. लोभदेवाची गोष्ट त्यांना ठाऊक असते. भय वाटते ते त्याचे.

या भयावर श्रावकाचारात जो उपाय सांगितला आहे तो प्रवासबंदीचा नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दिग्व्रत म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जायचे हे आधी ठरवून घेणे. जाणाऱ्याने स्वतः ठरवायचे आणि निघण्यापूर्वी ठरवायचे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी तीन वर, खाली आणि आडव्या दिशेने मर्यादा ओलांडण्याचे आहेत. चौथा आहे क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभापोटी क्षेत्र वाढवीत नेणे. पाचवा अतिचार मोठा मार्मिक आहे: स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेचा विसर पडणे. विसरणे हाही दोष मानला आहे. विसरू नये म्हणून काय करावे हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तो लिहून ठेवतो.

तासगावच्या बाजारात बेदाण्याची अडत असलेल्या एका घराची कल्पना करावी. घरातील मुलगी बावीस वर्षांची, वाणिज्य शाखेची पदवीधर. एके दिवशी सौदे आटोपल्यावर ती वडिलांपुढे विषय काढते. देशही तिने ठरवला आहे: ऑस्ट्रेलिया. अण्णा पैशाचे विचारतील म्हणून तिने आकडे पाठ केलेले असतात. अण्णा पैशाचे विचारीत नाहीत.

‘‘तिथं संध्याकाळी किती वाजता जेवशील?’’ एवढेच ते विचारतात.

तिच्याकडे उत्तर नसते.

हा प्रश्न टाळण्याचा नव्हे. किंबहुना सगळ्या आखणीची सुरुवात त्याच्यापासून करावी असा तो आहे. मेलबर्नमध्ये डिसेंबरात सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सायंकाळी पाच वाजून आठ-दहा मिनिटांनीच. याला ऋतू जसा कारण आहे तसे घड्याळही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणजे उन्हाळ्यात काम आटोपून, खोलीवर जाऊन, सावकाश स्वयंपाक करून जेवले तरी दिवस शिल्लक राहतो. हिवाळ्यात मात्र काम सुटण्याच्या वेळी सूर्य टेकलेला असतो. नवकारशी पाळणाऱ्यांची अडचण सकाळची आहे. जूनमध्ये मेलबर्नचा सूर्योदयच साडेसातनंतरचा. त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की सव्वाआठ उलटून जातात आणि तोवर बहुतेक ठिकाणी काम सुरू झालेले असते. उत्तरेकडील क्वीन्सलंड राज्यात घड्याळे बदलत नाहीत. तेथील केर्न्स शहरात ऐन हिवाळ्यातही सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. उन्हाळा दक्षिणेत आणि हिवाळ्याचा उत्तरार्ध उत्तरेत काढावा, हे एरवी केवळ हवामानासाठी सुचवले जाते. रात्रिभोजन न करणाऱ्याला त्यात आणखी एक सोय सापडते. आपला चातुर्मास तिकडे हिवाळ्यात सुरू होऊन वसंतात संपतो, हेही हिशेबात धरावे लागते.

आता ऑस्ट्रेलियाच का, हे पाहू. तेथे २०२१च्या जनगणनेत २७.६ टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले आढळले आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण परदेशात जन्मलेला आहे अशांचे प्रमाण ४८.२ टक्के निघाले. परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर दुसरा क्रमांक भारताचा लागतो. घरात इंग्रजीखेरीज बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये मँडरिन चिनी पहिली. तिच्या पाठोपाठ अरबी, व्हिएतनामी, कॅन्टनीज आणि पंजाबी. या सर्वांच्या कितीतरी आधीपासून, सुमारे पासष्ट हजार वर्षांपासून, तेथे आदिवासी समाज राहत आले आहेत. युरोपीय लोक पोहोचले तेव्हा त्यांच्या अडीचशेहून अधिक भाषा होत्या. ‘परका देश’ म्हणून एकच एक चेहरा डोळ्यांपुढे ठेवून जाणाऱ्याचा तेथे पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो.

दुसरे कारण कायद्याचे आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्या करारान्वये ‘वर्क अँड हॉलिडे’ हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा भारतीय तरुणांना खुला झाला. १८ ते ३० वर्षे वयाच्या एक हजार जणांना तो दर वर्षी मिळू शकतो. निवड सोडतीने होते. म्हाडाच्या घरांसारखेच समजावे. नाव नोंदवण्याचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिली सोडत २०२४च्या ऑक्टोबरमधील नोंदणीतून निघाली. बारावीनंतर निदान दोन वर्षांचे उच्च शिक्षण झालेले असावे लागते, कामापुरते इंग्रजी येत असल्याचा दाखला लागतो आणि परतीच्या भाड्याखेरीज सुमारे ५,००० डॉलर हाताशी असल्याचे दाखवावे लागते. सोडतीत नाव निघाल्यावर व्हिसाचा अर्ज आणि त्याचे साडेसहाशे डॉलरांहून अधिक शुल्क वेगळे. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच काम करता येते आणि शिक्षण फार तर सतरा आठवड्यांचे घेता येते. म्हणजे परवानगी फिरण्याची. काम हे फिरण्याचा खर्च भागवण्यापुरते.

नाव निघाले नाही तर? हजार जागांसाठी हजारोंच्या संख्येने अर्ज येतात, तेव्हा न निघण्याचीच शक्यता अधिक. ज्या घराने हे आधी बोलून ठेवले नाही त्या घरात मुलगी महिनाभर तोंड पाडून बसते. ब्रिटनची ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना वयाच्या याच टप्प्यासाठी आहे, वर्षाला तीन हजार जागांची. पण तिलाही सोडतच आहे. तेव्हा पेढीचे काम सोडतीच्या निकालाची वाट न पाहता सुरू करावे, हे उत्तम.

व्हिसा मिळाल्यावर वर्ष कधी सुरू करायचे हे बऱ्याच अंशी आपल्या हाती राहते. मंजुरीपासून बारा महिन्यांच्या आत तेथे पोहोचावे लागते आणि मुक्कामाचे वर्ष पहिल्या पावलापासून मोजले जाते. दिवाळीचे वहीपूजन करून निघाले आणि पर्युषणापूर्वी परतले तर नऊ महिने मिळतात. पूर्ण वर्ष घ्यायचे तर एक पर्युषण किंवा दशलक्षण पर्व परदेशात येणार. मेलबर्नच्या मुराबिन भागात जैन मंदिर आहे. त्या दहा दिवसांत जवळच्या गावी राहायचे असे आधी ठरवता येते. त्या सुमारास तेथील सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ घरच्यासारखाच.

सामान भरण्याचा दिवस मातृहृदयाची परीक्षा पाहतो. मूगडाळ, तूरडाळ, जिरे, धने, सुक्या मिरच्या, थोडे शेंगदाणे, असे सगळे आई बांधून देऊ लागते. यांतील एकही वस्तू सामानातून नेता येत नाही. कारण आहे खपरा. धान्याच्या व्यापाऱ्याला हा किडा कोण सांगणार? गोदामाच्या भिंतीच्या भेगेत अन्नावाचून दीर्घकाळ दडून राहणारी त्याची अळी पोत्यांतला गहू आतून पोखरून टाकते. आपल्याकडचे हे नाव इंग्रजीतही तसेच गेले असून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कागदांवर ते ‘खापरा बीटल’ असे छापलेले असते. त्याच्या धास्तीने तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, जिरे, धने, सुकी मिरची, शेंगदाणे हे सर्व प्रवाशांच्या सामानातून आणण्यास तेथे बंदी आहे. विमानात मिळणाऱ्या पत्रकावर खाण्याची प्रत्येक वस्तू नमूद करावी. लाडूचा डबाही लिहावा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जागेवर दंड होतो आणि पाळी व्हिसा रद्द होण्यापर्यंतही येऊ शकते. तेथील शहरांतील भारतीय दुकानांत हे सारे जिन्नस मिळतात, तेव्हा आईने पोळपाट-लाटणे, एक कढई आणि एक पातेले द्यावे. समाईक स्वयंपाकघरात आपले भांडे वेगळे असणे ही खरी गरज.

समाईक स्वयंपाकघर म्हणजे काय हे नीट समजून जावे. स्वस्तातल्या वसतिगृहात एका चुलीवर कोणी मासा तळतो आणि शेजारच्या चुलीवर आपली खिचडी शिजते. तोंड वाकडे करणाऱ्याला तेथे मित्र मिळत नाहीत. आपले सोडून देणाऱ्याला घरचे लोक मुकतात. डब्याबंद पदार्थांवरचे आकडे वाचण्याची सवय करावी. १२० हा किड्यापासून काढलेला लाल रंग. ९०४ म्हणजे लाख, जी चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर चढवतात. लाक्षावाणिज्य हे आपल्याकडे कर्मादानांत गणले आहे, एवढ्यावरून काय ते समजावे.

आणि एक आनंदाची गोष्ट. कांदा-लसूण नसलेले जेवण शोधत तेथील जैन मुले पुष्कळदा फक्त भारतीय उपाहारगृहांचे उंबरे झिजवतात आणि तेथे हमखास कांद्याची ग्रेव्ही पुढे येते. मेलबर्नच्या फुट्सक्रे किंवा स्प्रिंगव्हेल भागात व्हिएतनामी वस्ती मोठी आहे. व्हिएतनामी बौद्धांपैकी अनेक जण चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करीत नाहीत. त्या शाकाहारी जेवणाला ते ‘चाय’ म्हणतात. महायान बौद्धांच्या व्रतस्थ स्वयंपाकात कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात. दुकानावर हा शब्द दिसला तर आत जाऊन विचारावे. अळंबी, गाजर, बटाटा हे विचारावेच लागेल. तरी कांदा-लसणासाठी हुज्जत घालावी लागत नाही. तिथीला उपवास करणारा, पाच गोष्टी वर्ज्य करणारा आणि ते न ओशाळता पाळणारा दुसरा समाज हजारो मैलांवर भेटतो, तेव्हा एकट्या मुलीला किती धीर येत असेल, हे घरी बसून कळायचे नाही.

आता कामाकडे वळावे. आखणीतले सर्वांत अवघड पान हेच.

या व्हिसावर तीन महिने ठरावीक भागात ठरावीक प्रकारचे काम केले तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो. क्षेत्रवृद्धीचा मोह येथेच आहे. त्या कामांच्या यादीत फळबागा आहेत, बांधकाम आहे, उत्तरेकडील पर्यटनही आहे. त्याच यादीत मांसावरील प्रक्रिया, लोकर कातरणे, कातडी कमावणे, मासेमारी आणि मोत्यांचा व्यवसायही आहे. मांसप्रक्रियेच्या कारखान्यांना माणसे नेहमीच हवी असतात. घरभाडे थकले, फळांचा हंगाम पावसाने लांबला, बरोबरच्या खोलीतील चार मुली पॅकिंगच्या कामाला निघाल्या आणि ‘तुला फक्त खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आहेत’ असे कोणी म्हणाले, म्हणजे त्या दिवशी मनात कोणता तर्क तयार होईल हे आज सांगता येत नाही. म्हणून तर्क आजच करून ठेवायचा.

संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार श्रावकाला शिकवलेले असतात आणि त्यांतील संकल्पी हिंसेचा त्याने त्याग करावा, असा दंडक आहे. बागेतील छाटणी किंवा फळतोडणी ही उद्योगात अपरिहार्यपणे होणारी हिंसा. कत्तलखान्यातील चिठ्ठी ही त्या साखळीची कडी. येथवर सर्वांचे एकमत होईल. पण पुढे वाट अरुंद होते. दारूच्या गुत्त्यात पेले धुणे? दूधशाळा, जेथे नर वासरांचे पुढे काय होते हे विचारावे लागेल? बटाटे उपटणे? कंदमुळे न खाणाऱ्याने ती काढण्याची मजुरी करावी की नाही, यावर एकाच घरात दोन मते निघतील. दक्षिण महाराष्ट्रात शेती करणाऱ्या जैन घरांचे उत्तर आणि मुंबईच्या कापडपेढीचे उत्तर एक येणार नाही. यादी प्रत्येक घराची वेगळी होईल. ती असावी आणि जाणाऱ्याच्या हस्ताक्षरात असावी. वडिलांनी लिहून दिलेली यादी परदेशात पहिल्या अडचणीलाच वडिलांची ठरते.

तासगावच्या मुलीने मिल्ड्युरा हे गाव निवडले तर ते योग्यच होईल. मेलबर्नपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, मरे नदीच्या काठी वसलेले हे गाव. मूळचा मुलूख लट्जी लट्जी लोकांचा. मूळच्या कॅनडाच्या चॅफी बंधूंनी १८८७च्या सुमारास तेथे कालव्याचे पाणी फिरवले आणि कोरड्या माळावर द्राक्षे उभी राहिली. वाळवलेल्या द्राक्षांसाठी हे गाव त्या देशात प्रसिद्ध आहे. सांगली-तासगावकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवतात, ती पद्धत मुळात ऑस्ट्रेलियन म्हणून ओळखली जाते. ज्या पद्धतीवर घर चालले तिचे माहेर पाहायला मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. फेब्रुवारी-मार्चचा हंगाम साधला तर काम मिळण्याचा संभवही चांगला. पण तेथील द्राक्षे बेदाण्याला जातात तशी मद्यालाही जातात. कात्री तीच, ओळ शेजारचीच. ती ओळ तोडायची का, हे मुलीने ठरवावे. मात्र घरच्या पेढीने हलका बेदाणा घेणारा गिऱ्हाईक त्याचे पुढे काय करतो हे आजवर विचारलेले नसेल, तर मुलीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार किती, हेही त्याच बैठकीत निघेल. निघालेले बरे.

मिल्ड्युराच्या आसपासच्या बागांत इटलीहून आलेल्या शेतकऱ्यांची तिसरी पिढी आहे, तुर्कस्तानची घरे आहेत आणि जवळच्या रॉबिनव्हेलमध्ये टोंगा बेटांवरून आलेले व व्हिएतनामी लोक मोठ्या संख्येने राहतात. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांचे डबे उघडतात. पुढे केलेला घास नाकारणे हे पुष्कळ समाजांत अपमानाचे समजतात. यावर जुना व्यापारी तोडगा उपयोगी पडतो: आधी आपण द्यावे. थेपले किंवा दशम्यांचा डबा सर्वांपुढे फिरवून मग ‘आमच्याकडे हे चालत नाही’ म्हटले, तर सहसा कोणी रागावत नाही.

मजुरीचेही ज्ञान घेऊन जावे. १ जुलै २०२५ पासून तेथील किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले आणि कायम नसलेल्या कामगाराला साधारणपणे त्यावर पंचवीस टक्के अधिक मिळतात. फळतोडणीत नगावर किंवा वजनावर मजुरी ठरलेली असली तरी २०२२ पासून तासाच्या किमान वेतनाची हमी आहे. या व्हिसावरील कमाईवर पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर कापला जातो. काम लावून देण्यासाठी पैसे मागणारा, पारपत्र स्वतःकडे ठेवू पाहणारा किंवा पगाराची पावती न देणारा मध्यस्थ दिसला तर तेथून निघावे. तक्रारीसाठी ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ हे सरकारी कार्यालय आहे आणि ते परदेशी कामगारांचेही ऐकते.

पण आकड्यांपलीकडे एक गोष्ट आहे. अडत्याच्या मुलीने जन्मभर तराजूची एक बाजू पाहिलेली असते. तासगावच्या शेडमध्ये खाली मांडी घालून बेदाणा निवडणाऱ्या बायका तिने लहानपणापासून पाहिल्या; त्यांच्या मनगटाला संध्याकाळी काय होते हे तिने कधी विचारले नसेल. मिल्ड्युराच्या उन्हात आठ तास कात्री चालवून आपले माप दुसऱ्याच्या वजनकाट्यावर ठेवताना, काटा वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे ती ज्या नजरेने पाहील ती नजर तिच्या ओळखीची असेल. पेढीवर वीस वर्षे बसून हे शिकता येत नाही. घराने या वर्षावर जो खर्च मांडला असेल तो याच रकान्यात वसूल होण्यासारखा आहे.

फिरण्याच्या भागाबद्दल फार सांगण्याचे कारण नाही. ते मुलांना अधिक कळते. एकच ठिकाण सांगावे: देशाच्या मध्यभागी असलेला उलुरू हा प्रचंड लाल पाषाण. आनंगू समाजाचे ते पवित्र स्थान. १९८५ मध्ये ती भूमी त्यांना परत मिळाली. वर चढू नका, अशी विनंती ते पुढे कितीतरी वर्षे करीत राहिले आणि पर्यटक चढत राहिले. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण्यास बंदी झाली. सम्मेदशिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून २०२२च्या डिसेंबरात आपल्या गावोगावी मोर्चे निघाले आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनाच्या योजनांना स्थगिती दिली. त्या मोर्चात चाललेल्या मुलीला उलुरूच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर मार्गदर्शकाने फारसे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

खर्चाची बाजू थोडक्यात: विमानभाडे, व्हिसाशुल्क, दाखवायचे ५,००० डॉलर आणि खोलीसाठी साधारण चार आठवड्यांच्या भाड्याएवढी अनामत. आरोग्यविमा घेतलाच पाहिजे. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नसल्यामुळे तेथील सरकारी ‘मेडिकेअर’ आपल्याला लागू होत नाही आणि एक मोडलेला हात साऱ्या वर्षाची कमाई खाऊन टाकू शकतो. मालक निवृत्तिनिधीत जी रक्कम भरतो ती देश सोडल्यावर मागता येते. मात्र या व्हिसावाल्यांना तिच्यावर ६५ टक्के कर बसतो, म्हणून ती जमेत धरूच नये.

राहिले घराचे पान. मर्यादा केवळ जाणाऱ्याने पाळायच्या नसतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातील घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, उन्हाळ्यात साडेपाच तास असते. तासगावात रात्री नऊ वाजता सहज आठवण आली म्हणून फोन लावला तर तिकडे मध्यरात्र उलटून दीड किंवा अडीच वाजलेले असतात. रोज फोन नको, ठरलेल्या दिवशी हवा. वर्षभर फोनवर स्थळांचा विषय काढू नये. ‘मुलगी परदेशात एकटी राहते’ असे कोणी म्हणाले तर काय उत्तर द्यायचे ते आई, अण्णा आणि आत्याबाई या तिघांनी एकच ठरवून ठेवावे. एखादी मर्यादा मोडली गेलीच, तर ती घरी सांगता यावी. जे सांगता येत नाही ते लपवले जाते, आणि लपवण्याची सवय एकदा लागली की यादीतील बाकीच्या ओळींना अर्थ उरत नाही. अण्णांनी या पानावर सही करायला मुलीपेक्षा जास्त दिवस लावले तर आश्चर्य वाटायला नको.

महिनाभराने ती वही पुन्हा अण्णांपुढे येते. पहिल्या पानावर कामांची यादी नाही, खर्चही नाही. बारा महिन्यांच्या बारा ओळी आहेत. गाव, सूर्योदय, सूर्यास्त. अण्णा चष्मा लावून, खतावणी तपासावी तसे बोट फिरवीत खाली येतात आणि जूनच्या ओळीवर थांबतात.

‘‘पाच वाजून आठ मिनिटं?’’

‘‘हो अण्णा. त्या महिन्यात डबा साडेचारच्या सुट्टीत खाणार. काम घेतानाच तेवढं सांगून ठेवायचं ठरवलंय.’’

अण्णा पेन्सिलीने त्या ओळीसमोर बारीक खूण करतात आणि जुलैकडे वळतात.